एका ॲम्प्यूलसाठी एवढे कागद? किरणोत्सर्ग सुरक्षेच्या खर्चाचा हिशेब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही गोव्यातल्या एका महाविद्यालयात सागरी जीवशास्त्र शिकवता. मांडवी-झुआरीच्या मुखाशी आणि कुंभारजुवे कालव्यात प्राथमिक उत्पादकता, म्हणजे पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पती किती कार्बन बांधतात ते, मोजायची आहे, त्यासाठी कार्बन-१४, म्हणजे किरणोत्सारी कार्बन हवा, एका बाटलीला एक ॲम्प्यूल, म्हणजे काचेची सीलबंद कुपी, तीत पाच मायक्रोक्युरी. परवानगीचे कागद, सुरक्षा अधिकारी, वेगळी खोली, बॅज, कचऱ्याची वही हे सगळं आलंच. वर तुमच्या संस्थेच्या समितीने शिशाचा ॲप्रन आणि शिशाच्या विटाही मागितल्या. अनुदानाची मुदत निम्मी सरली आणि अजून एकही बाटली पाण्यात उतरली नाही. म्हणून तुम्ही विचारता, की या नियमांपायी जेवढं संशोधन बुडतं तेवढी सुरक्षा खरंच पदरात पडते का, आणि ते मोजायचं कसं?

मी विकिरण सुरक्षा अधिकारी म्हणून बऱ्याच वर्षांपासून सह्या करतो आहे आणि दुसऱ्यांच्या प्रयोगशाळाही तपासतो. माझं मत आधीच सांगून टाकतो. रोजच्या वापरातल्या चिमूटभर डोसावर आपण गरजेपेक्षा जास्त पैसा आणि वेळ घालवतो. सोर्स, म्हणजे किरणोत्सारी पदार्थ असलेली वस्तू, जुना होतो, तो आणणारे सर निवृत्त होतात आणि वस्तू कपाटात पडून राहते, त्या टप्प्यावर मात्र जवळजवळ काहीच खर्च करत नाही. माणूस दगावल्याचं उदाहरण पुढे देतो, ते याच टप्प्यावरचं.

आधी तुमची ॲम्प्यूल बघू. पाच मायक्रोक्युरी म्हणजे १८५ किलोबेकरेल. आकडा ऐकून समिती दचकते, कारण बेकरेल हे एकक फारच लहान आहे, सेकंदाला एक विघटन. आपल्या अंगातल्या पोटॅशियममध्येच चार हजारांच्या आसपास बेकरेल सतत चालू असतात. आता वाईटात वाईट धरा, विद्यार्थ्याने अख्खी ॲम्प्यूल पिऊन टाकली. आंतरराष्ट्रीय विकिरण संरक्षण आयोगाचा प्रौढांसाठीचा गुणक कार्बन-१४ ला एका बेकरेलमागे ०.५८ नॅनोसिव्हर्ट आहे; सिव्हर्ट हे शरीराला मिळणाऱ्या डोसाचं एकक. गुणाकार करा, ०.१ मिलिसिव्हर्टच्या किंचित वर येतं. तुमचा कार्बन-१४ बायकार्बोनेटच्या रूपात असल्यामुळे त्यातला बराच भाग श्वासावाटे निघून जाणार, म्हणजे प्रत्यक्षात त्याहूनही कमी. निसर्गाकडून जगातल्या सरासरी माणसाला वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात, त्या हिशेबाने हा सोळा दिवसांचा डोस झाला. किरणोत्सर्गाचं काम करणाऱ्यांसाठी आपल्याकडची मर्यादा पाच वर्षांत १०० मिलिसिव्हर्ट, कुठल्याही एका वर्षात ३०. सर्वसामान्य जनतेसाठी वर्षाला १. म्हणजे तुमच्या विद्यार्थ्याने दर महिन्याला एक ॲम्प्यूल प्यायली, तर तो जनतेच्या मर्यादेच्या थोडा पुढे जाईल. पिऊ नये हे वेगळं.

आणखी एक आकडा समितीपुढे ठेवा. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या मूलभूत सुरक्षा मानकांत, ज्या प्रमाणाखाली नियंत्रणातून सूट देता येते ते कार्बन-१४ चं प्रमाण १ कोटी बेकरेल आहे. तुमच्या पन्नास ॲम्प्यूल एकत्र केल्या तरी साडेब्याण्णव लाखच होतात. याचा अर्थ परवानगीच नको असा काढू नका. आपल्याकडे कुठला अर्ज लागतो ते अणुऊर्जा नियामक मंडळाला, म्हणजे एईआरबीलाच विचारायचं, त्यांच्या ई-लोरा पोर्टलवरून. पण जगाने ज्या प्रमाणाला किरकोळ म्हटलं आहे त्यासाठी शिशाच्या भिंती का मागता, एवढं विचारायचा हक्क तुम्हाला नक्की आहे.

कारण ते शिसं सगळं वाया जातं. कार्बन-१४ चा बीटा कण, म्हणजे वेगाने बाहेर पडणारा इलेक्ट्रॉन, जास्तीत जास्त १५६ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचा. हवेत तो वीतभर जातो, कातडीत फार तर पाव-एक मिलिमीटर, आणि बाटलीच्या काचेतून बाहेरच येत नाही. ॲप्रन त्याला अडवण्यासाठी लागत नाही, फक्त मान दुखते. छातीवरच्या टीएलडी बॅजचंही, म्हणजे मिळालेला डोस नोंदवणाऱ्या बिल्ल्याचंही, तसंच. कार्बन-१४ किंवा ट्रिशियमचे (किरणोत्सारी हायड्रोजनचे) कण बॅजच्या आतल्या चकतीपर्यंत पोचतच नाहीत, त्यामुळे अहवालात शून्य येणार हे बॅज लावण्याआधीच ठाऊक असतं. असे शून्याचे अहवाल जपून ठेवलेल्या फायलींनी भरलेली कपाटं मी पाहिली आहेत. उलट, फॉस्फरस-३२ वापरताना शिसं नुसतं निरुपयोगी नाही, तर वाईट. त्याचा बीटा १.७१ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टचा, जड धातूवर आपटला की क्ष-किरण तयार करतो. तिथे सेंटिमीटरभर जाड पर्स्पेक्सची, म्हणजे ॲक्रिलिक प्लास्टिकची ढाल हवी, जी शिशापेक्षा हलकी, स्वस्त आणि पारदर्शक असते. एका संस्थेत मी पर्स्पेक्सची ढाल मागे सारून पुढे शिशाच्या विटा रचलेल्या बघितल्या होत्या. वीट जड, म्हणजे सुरक्षा जास्त, असं तिथल्या खरेदी समितीचं गणित.

आता नियम कुणाचा, हे तपासायची सवय लावून घ्या. माझ्या अनुभवात, संशोधक ज्याला 'एईआरबीचा नियम' म्हणून शिव्या घालतात त्यातलं बरंच काही एईआरबीने कधी मागितलेलंच नसतं. अणुऊर्जा (विकिरण संरक्षण) नियम २००४ चे, मंडळ त्याआधीचं, १९८३ चं. या चौकटीत मुख्यतः परवाना, प्रशिक्षित सुरक्षा अधिकारी, नोंदी, डोसाच्या मर्यादा, कचरा आणि अपघात कळवणं एवढंच असतं. साडेपाचला खोलीला कुलूप, तीन विभागप्रमुखांच्या सह्या, प्रत्येक प्रयोगाआधी लेखी सूचना, हे संस्थेने स्वतः वाढवलेलं असतं. कुणीतरी कधीतरी घाबरून एक ओळ घातली, आणि मग ती काढायची जबाबदारी कुणी घेत नाही. 'हे कुठल्या कलमात आहे, जरा दाखवाल का सर?' एवढं नम्रपणे विचारलं, की निम्मा भार तिथेच हलका होतो.

उरलेल्या निम्म्याचा हिशेब करायचा कसा? या क्षेत्रात त्याची पद्धत आहे, आणि ती नियमांच्या बाहेरची नाही. आंतरराष्ट्रीय विकिरण संरक्षण आयोगाने १९७७ पासूनच तीन पायऱ्या सांगितल्या. वापराचं समर्थन झालं पाहिजे, डोस वाजवी प्रयत्नांत जेवढा कमी होईल तेवढा करावा, आणि मर्यादा ओलांडू नये. मधल्या पायरीत 'वाजवी' आहे, त्यात आर्थिक आणि सामाजिक बाबी लक्षात घेऊन असं स्पष्ट म्हटलेलं आहे. म्हणजे खर्च बघणं हा नियमाचाच भाग आहे. अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने १९९५ मध्ये यासाठी दरच ठरवला, एक व्यक्ती-रेम डोस टळत असेल तर २,००० डॉलरपर्यंतचा खर्च वाजवी. (रेम हे डोसाचं जुनं एकक, १० मिलिसिव्हर्टएवढं; सगळ्या माणसांच्या डोसांची बेरीज म्हणजे व्यक्ती-रेम.) पुढे तो वाढवून पाच हजारांच्या घरात नेला. तो दर आपल्याकडे जसाच्या तसा लागू नाही, पण अंदाजाला चांगला.

समजा तुमच्या प्रयोगशाळेत सहा माणसं आहेत आणि प्रत्येकाला वर्षाला ०.०५ मिलिसिव्हर्ट मिळतो, जो कार्बन-१४ च्या कामात मिळायचाच नाही, पण धरू. एकूण ०.३ व्यक्ती-मिलिसिव्हर्ट, म्हणजे ०.०३ व्यक्ती-रेम. अमेरिकेचा चढा दर लावला तरी हा डोस पुरता शून्यावर आणण्यासाठी वर्षाला दीडशे डॉलर, आपल्या पैशांत बारा-तेरा हजार रुपये, एवढाच खर्च वाजवी ठरतो. तुमच्या समितीने मागितलेल्या विटा, ॲप्रन आणि सहा जणांचे बॅज मिळून हा आकडा पहिल्याच वर्षी मागे पडतो, आणि डोस तर कमी होतच नाही, कारण विटांनी थांबण्यासारखं काही तिथे नाहीच. हा हिशेब एका पानावर मांडा आणि बैठकीत वाटा.

वेळेचा खर्च मात्र या दरात येत नाही, आणि संशोधनात तोच सगळ्यात जबर असतो. फॉस्फरस-३२ घ्या. अर्धायुष्य, म्हणजे निम्मा माल उरायला लागणारा काळ, १४.३ दिवस, म्हणजे रोज साधारण पावणेपाच टक्के माल आपोआप संपतो. चवथीच्या आदल्या दिवशी पार्सल आलं, ते उघडायला ज्यांची सही लागते ते सर गावी गेले, आणि आठवड्याने परतले, तर जवळजवळ तीस टक्के संपलेलं असतं. त्या आठवड्यात कुणाचाही डोस वाचलेला नसतो, कारण बंद पार्सल कोणाला काही करत नाही. अधिकाऱ्याच्या गैरहजेरीत सही करायला दुसरा प्रशिक्षित माणूस नेमून ठेवणं हा यावरचा उपाय. त्याला एका माणसाच्या प्रशिक्षणाएवढाच खर्च येतो, आणि तरी पुष्कळ ठिकाणी तो केलेला नसतो.

तुम्ही आणखी एक मुद्दा काढला आहे, की इतक्या कमी डोसाने काही होतं हे सिद्धच झालेलं नाही, मग डोस कितीही कमी असला तरी त्या प्रमाणात धोका असतोच असं मानणारा सरळ रेषेचा नियम कशाला? अमेरिकेत २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने या गृहीतकाचा फेरविचार करायला सांगितलं गेलं, हे तुम्ही वाचलं असेल. माझं ऐकाल तर या वादात पडू नका. एकीकडे केरळच्या करुनागप्पळ्ळीच्या, मुळातच किरणोत्सारी असलेल्या मोनाझाइट वाळूच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांत कर्करोग वाढल्याचं २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं नाही. दुसरीकडे फ्रान्स, ब्रिटन आणि अमेरिकेतल्या तीन लाखांवर अणुकर्मचाऱ्यांच्या २०२३ च्या पाहणीत दर ग्रेमागे (ग्रे हे शरीरात शोषलेल्या डोसाचं एकक) घट्ट गाठींच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ५२ टक्क्यांनी वाढलेले आढळले, आणि कमी डोसाच्या पट्ट्यातही रेषा सपाट झाली नाही. दोन्ही अभ्यास गंभीर माणसांनी केलेले. तुमच्या कामाला हा वाद सुटायची गरज नाही. सरळ रेषा शंभर टक्के खरी मानली, तरी प्रौढ कामगारांसाठी विकिरण संरक्षण आयोगाने धरलेला धोका सिव्हर्टला सुमारे ४ टक्के. पूर्ण ॲम्प्यूल प्यायल्याचा ०.१ मिलिसिव्हर्ट म्हणजे दहा लाखांत चार. सावधतेचं गृहीतक धरूनही तुमची बाजू मजबूत आहे, मग त्या गृहीतकावर हल्ला करून समितीला बिथरवायचं कशाला?

नियम खर्च बघून बदलतात याचं माझ्या आवडीचं उदाहरण द्रव सिंटिलेशन काउंटरच्या बाटल्यांचं आहे. तुमचे फिल्टर शेवटी याच काउंटरमध्ये जाणार, म्हणून सविस्तर सांगतो. छोट्या बाटलीत फिल्टर टाकायचा, वर 'कॉकटेल' नावाचं द्रव मिश्रण ओतायचं, आत पडलेला बीटा त्या द्रवात प्रकाशाची ठिणगी पाडतो, यंत्र त्या मोजतं. जुन्या कॉकटेलचा पाया टोल्युइन, ज्वलनशील आणि विषारी. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या रुग्णालयांतून आणि विद्यापीठांतून अशा बाटल्यांचे डोंगर तयार झाले, आणि 'किरणोत्सारी' शिक्क्यामुळे ते सगळे अणुकचऱ्याच्या मोजक्या जागांकडे ट्रकने जायचे. १९७९ मध्ये त्या जागांनी हात आखडते घेतले आणि प्रयोगशाळांत पेट्या साचू लागल्या. तिथली खरी भीती आगीची होती, ट्रिशियमची नव्हे. १९८१ मध्ये अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने ठरवलं, की ग्रॅममागे ०.०५ मायक्रोक्युरीपर्यंत ट्रिशियम किंवा कार्बन-१४ असलेलं कॉकटेल किरणोत्सारी नाहीच असं समजून विल्हेवाट लावावी, रसायन म्हणून जे नियम आहेत ते पाळावेत. आपल्याकडची विल्हेवाट आपल्या परवान्यात लिहिल्याप्रमाणेच करायची. अमेरिकेची मोकळीक इथे चालत नाही. पण धडा उचला. शक्य असेल तर टोल्युइनविरहित कॉकटेल घ्या. तुमच्या खोलीत विद्यार्थ्याला इजा करण्याची सर्वाधिक शक्यता असलेली वस्तू कार्बन-१४ नाही, ती बाटली भरताना उघडा ठेवलेला टोल्युइनचा कॅन आहे, आणि समितीने त्यावर एकही प्रश्न विचारला नसेल याची मला खात्री आहे.

आता दुसरी बाजू, कारण इथवर वाचून कुणाला वाटेल की मी सगळेच नियम मोडीत काढायला निघालो आहे.

एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीतल्या भंगार बाजारात काही माणसं आजारी पडायला लागली. हातांवर काळे डाग, केस गळणं, उलट्या. त्यातला एक मजूर दगावला. शोध घेतल्यावर कळलं, की कोबाल्ट-६० चा सोर्स दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाच्या गॅमासेल यंत्रातला, म्हणजे नमुन्यांवर गॅमा किरण सोडणाऱ्या यंत्रातला. यंत्र कॅनडाहून १९६८ च्या सुमारास आणलेलं, १९८५ पासून बंद, आणि त्या फेब्रुवारीत नको असलेल्या सामानाबरोबर लिलावात विकलेलं. कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य सव्वापाच वर्षं. चाळीसेक वर्षांत आठ अर्धायुष्यं उलटली, म्हणजे मूळ शक्तीचा अडीचशेवा भाग उरला होता. तेवढ्यानेही जीव गेला. मग नियामक मंडळाने विद्यापीठाला किरणोत्सारी पदार्थ वापरण्यापासून थांबवलं, आणि ज्यांचा त्या यंत्राशी काडीचा संबंध नव्हता त्यांचेही प्रयोग अडकले.

माझ्या हिशेबाच्या पद्धतीने या यंत्राकडे बघा. १९८५ ते २०१० या पंचवीस वर्षांत त्यापासून कुणाला डोस मिळत नव्हता. व्यक्ती-रेमचा गुणाकार केला असता तर उत्तर शून्य आलं असतं, आणि मी वर केलेल्या युक्तिवादाने त्यावर एक पैसाही खर्च करणं अवाजवी ठरलं असतं. पद्धतीतलं भोक हेच. सरासरी डोसाचा हिशेब चालू वापराला लागू पडतो. विसरलेल्या वस्तूबद्दल तो काहीच सांगत नाही. आणि त्या वस्तूवर लागणारा खर्च तरी केवढा? वर्षातून एकदा वही घेऊन फिरायचं आणि प्रत्येक सोर्ससमोर उभं राहून 'आहे' असं लिहायचं. यंत्र आणणारे प्राध्यापक निवृत्त होताना त्यांची वही दुसऱ्याच्या हाती द्यायची. जुनं सामान विकायच्या यादीवर सुरक्षा अधिकाऱ्याची एक सही. नियमांच्या पुस्तकातल्या सर्वांत स्वस्त ओळी याच, आणि त्यांतच सर्वांत जास्त प्राण वाचतात.

'आमच्याकडे कुठे गॅमासेल आहे?' असं म्हणाल. गॅमासेल नसेल, पण गोव्यात फिरताना मला काय काय सापडतं ते ऐका. जुन्या गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये इलेक्ट्रॉन कॅप्चर डिटेक्टर असतो, कीटकनाशकांचे अंश मोजायला. त्याच्या आत निकेल-६३ चा पत्रा, बहुधा १५ मिलिक्युरी, म्हणजे तुमच्या ॲम्प्यूलच्या तीन हजार पट, आणि अर्धायुष्य शंभर वर्षं. यंत्र दहा-पंधरा वर्षांत बाद होतं. औषध कंपन्या आणि अन्न तपासणी प्रयोगशाळा अशी यंत्रं बदलत असतात, कधी एखादं यंत्र 'विद्यार्थ्यांना शिकायला' म्हणून महाविद्यालयाला भेट मिळतं. भेटीबरोबर सोर्सचे कागद येतात का, ते बघा. रसायनशास्त्राच्या स्टोअरमध्ये मागच्या फळीवर युरेनिल ॲसिटेट आणि थोरियम नायट्रेटच्या तपकिरी बाटल्या असतात, जुन्या प्रयोगांपासून उरलेल्या. भौतिकशास्त्रात गायगर काउंटरच्या प्रयोगाचे बटणाएवढे सीझियम सोर्स. यातलं बरंचसं कमी धोक्याचं आहे. पण एखाद्या भंगारवाल्याकडे किंवा पोलादाच्या भट्टीत यातलं काही पोचलं, तर कुणाचं नाव पुढे येईल ते लक्षात ठेवा.

आपल्या पावसाचा खर्चही यात धरा. जूनपासून चार महिने जांभ्या दगडाच्या जुन्या खोल्यांत हवा इतकी ओली असते, की कागदी लेबल बुरशी येऊन सुटतं, मार्करची शाई पसरते, पिवळ्या स्टिकरवरचं किरणोत्सर्गाचं चिन्ह पांढरं पडतं. दोन पावसाळ्यांनंतर डब्यावर काय आहे हे फक्त तो ठेवणाऱ्यालाच माहीत. स्टीलच्या पट्टीवर कोरून घ्या: समस्थानिकाचं नाव, प्रमाण, तारीख, नोंदणी क्रमांक. डब्याला ती पट्टी तारेने बांधा. माझ्या मते शिशाच्या एका विटेच्या पैशात असल्या कितीतरी पट्ट्या होतात.

क्ष-किरण विवर्तन यंत्र, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिकांची रचना तपासणारं यंत्र, घेणार असल्याचंही तुम्ही लिहिलं आहे, त्यावर दोनच शब्द. बंद कपाटाच्या नव्या यंत्राबाहेर डोस नगण्य असतो, तिथे बॅजवरून भांडू नका. पण दार उघडल्यावर किरण बंद करणारा इंटरलॉक महिन्याला तपासा आणि तो कुणी 'तात्पुरता' टेप लावून निष्प्रभ केला तर यंत्र थांबवा. मुख्य किरणाखाली बोट काही सेकंद गेलं तरी कातडी भाजते, आणि ती जखम भरायला महिने लागतात.

आता तुमच्या कामातल्या अशा एका नियमाकडे येतो, जो फुकट जाचक वाटेल पण मी अजिबात सोडणार नाही. सांडलेलं पुसणं, आणि पुसल्याची नोंद. त्याचा माणसाच्या आरोग्याशी फारसा संबंध नाही. निसर्गातल्या ताज्या कार्बनच्या किलोमागे कार्बन-१४ चे सुमारे २२६ बेकरेल असतात. तुमच्या एका ॲम्प्यूलमधला कार्बन-१४ म्हणजे आठशे किलो नैसर्गिक कार्बनमधला साठा. आता कल्पना करा, त्याच बाकावर, त्याच होडीत किंवा त्याच शीतकपाटात उद्या कुणी गाळाचे नमुने कार्बन-१४ वरून वय काढण्यासाठी ठेवले. नखाएवढ्या थेंबाने त्यांचे हजारो वर्षांचे नमुने 'आजचे' होतात, आणि ते कुणाला कळतही नाही. दोना पावलाला १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, वास्कोला ध्रुवीय संशोधन केंद्र आहे, भूगर्भवाले आहेत. गोव्यात गाळाच्या नमुन्यांवर काम करणारी माणसं देशात इतरत्र असतील त्याहून दाट. अमेरिकन संशोधन जहाजांवर किरणोत्सारी कामासाठी डेकवर वेगळी व्हॅन ठेवतात आणि मोहिमेआधी-नंतर जहाजभर पुसून नमुने घेतात, ते याचसाठी. इथे नियमाचा खर्च एका शेजाऱ्याची सगळी कारकीर्द वाचवतो.

पुसून बघणं असं करा. गोल फिल्टर कागद किंचित ओला करून बाकाच्या वीतभर चौकोनावर फिरवा, साधारण शंभर चौरस सेंटिमीटर, मग तो बाटलीत टाकून काउंटरमध्ये दहा मिनिटं मोजा. रिकाम्या बाटलीच्या दुपटीवर गेला तर साबणाच्या पाण्याने पुन्हा पुसा, पुन्हा मोजा. हातात धरायचा गायगर काउंटर कार्बन-१४ जेमतेम पाहतो आणि ट्रिशियम तर अजिबात नाही, त्यामुळे त्याच्या टिकटिकीवर विसंबू नका. बाक, नळ, दाराची मूठ, काउंटरचा कळफलक. मूठ विसरतात सगळे.

आणखी एक खर्च असा आहे, जो कुठल्याच तक्त्यात नसतो. 'मुलींना या खोलीत नको.' नियमात असं काही नाही. गरोदर असल्याचं तिने कळवल्यावर उरलेल्या काळात गर्भाला १ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त मिळू नये एवढीच अट आहे, आणि तुमच्या ॲम्प्यूलचा हिशेब आपण वर केलाच आहे. सावधगिरीच्या नावाखाली मुलीला प्रकल्पातून बाहेर ठेवणं हा समितीच्या मनातला नियम, तो खोडून काढा.

शेवटी तुमच्या प्रयोगाबद्दल, पहिल्या पायरीवरून, म्हणजे वापराच्या समर्थनावरून. कार्बन-१४ खरंच लागतो का? ही पद्धत डेन्मार्कच्या स्टीमन नील्सनने १९५२ मध्ये प्रसिद्ध केली ती मोकळ्या समुद्रासाठी, जिथे उत्पादन इतकं कमी की ऑक्सिजनमधला फरक सापडत नाही. १९९० च्या दशकात अरबी समुद्रातल्या भारतीय मोहिमांनाही ती त्याचसाठी लागली. तुमच्या मांडवीत पावसाळा संपल्यावर पाणी हिरवं असतं. तिथे पांढऱ्या-काळ्या (उजेडातल्या आणि अंधारातल्या) बाटल्यांची ऑक्सिजन पद्धत आणि विरघळलेला ऑक्सिजन मोजणारं विंकलरचं अनुमापन बरंच काही देईल, आणि त्याला ना परवाना लागतो ना बॅज. गढूळ पाण्याच्या जून-सप्टेंबरात मात्र प्रकाश आत जात नाही, उत्पादन खाली येतं, आणि ऑक्सिजनच्या बाटल्या हात टेकतात. तेवढ्या महिन्यांसाठी कार्बन-१४ हवा. कार्बन-१३ चाही पर्याय आहे. तो किरणोत्सारी नाही, पण त्याला मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे अणूंच्या वजनातला फरक मोजणारं यंत्र, लागतो आणि पाणी जास्त गाळावं लागतं.

म्हणून माझा सल्ला असा. ऑक्टोबर ते मे हा भाग ऑक्सिजनवर आताच सुरू करा, अनुदानाची मुदत थांबत नाही. पावसाळ्यातल्या बाटल्यांसाठी आपली नवी खोली उभारत बसू नका. ज्यांच्याकडे परवाना, काउंटर आणि अधिकारी आधीच आहेत अशा संस्थेशी करार करा, बाटल्या भरणं आणि गाळणं त्यांच्या खोलीत, नमुने तुमचे. करारात दोन ओळी मात्र स्वतः घाला. ॲम्प्यूल आल्यापासून शेवटची रिकामी बाटली जाईपर्यंतची वही कोण ठेवणार त्याचं पद लिहा, व्यक्तीचं नाव नको, कारण माणसं बदलतात. आणि उरलेला माल कुठे, कोणत्या तारखेपर्यंत जाईल ते. समितीने शिशाच्या विटांचा विषय पुन्हा काढला तर वरचं एक पान त्यांच्यापुढे ठेवा. तरीही हवी असतील, तर विटांऐवजी तेवढ्या पैशांत स्टोअरमधल्या युरेनिल ॲसिटेटच्या बाटल्यांची रीतसर विल्हेवाट लावायला सांगा.